घटना कपाटात, सैनिक ओसरीवर

२८ मार्च २०२४ रोजी एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेने लोकसभेच्या आठ उमेदवारांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तीत हिंगोलीपुढे हेमंत पाटील यांचे नाव होते. ते विद्यमान खासदार होते आणि २०१९ साली पावणेतीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते. २०२२च्या जुलै महिन्यात शिंदे यांच्यामागे गेलेल्या बारा खासदारांपैकी ते एक. त्यांच्या उमेदवारीविषयी शंका घ्यावी असे वरकरणी काही नव्हते. मात्र यादीवरची शाई वाळण्याआधीच मित्रपक्ष भारतीय जनता पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी या नावाला उघड विरोध सुरू केला. मुंबईला माणसे गेली, मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी खलबते झाली. ४ एप्रिल हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. ३ एप्रिलला उमेदवार बदलला. हेमंत पाटील यांच्या जागी बाबूराव कदम कोहळीकर आले, पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना शेजारच्या यवतमाळ-वाशीममधून उमेदवारी मिळाली आणि तेथे पाच वेळा खासदार राहिलेल्या भावना गवळी यांना घरी बसावे लागले. एका मतदारसंघाची तडजोड दुसऱ्या मतदारसंघाच्या खात्यावर लिहिली गेली.

या सहा दिवसांत हिमायतनगरचा शिवसैनिक कोठे होता? तो घरच्या ओसरीवर बसून दूरचित्रवाणी पाहत होता.

हिमायतनगर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे वाढोणा, हा नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. एका बाजूला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे विदर्भ, दुसऱ्या बाजूला तेलंगणाच्या सीमेकडे जाणारा प्रदेश, गावातून जाणारा मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग आणि श्री परमेश्वराचे प्राचीन देवस्थान. विधानसभेला हा तालुका हदगावला जोडलेला, लोकसभेला हिंगोलीला. या लोकसभा मतदारसंघात नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांचे भाग येतात, त्यामुळे कोणत्याही एका जिल्ह्याच्या पुढाऱ्याला तो पूर्णपणे आपला वाटत नाही. मुंबईच्या वृत्तपत्रांना या तालुक्याची आठवण पूर आला की होते. परंतु एखाद्या पक्षाचे नेतृत्व वर बदलते तेव्हा खाली नेमके काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर वांद्रे किंवा ठाणे येथून पाहण्यापेक्षा येथून पाहावे, असे आमचे मत आहे.

शिवसेना मराठवाड्यात रुजली ती गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. संभाजीनगर महापालिकेची १९८८ची निवडणूक हा तिचा पहिला मोठा हुंकार. त्यानंतर ती खेडोपाडी पसरली. साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, वडील-आजोबांचे नाव नाही, अशा घरांतील तरुणांना या संघटनेने प्रथमच गावाच्या वेशीवर स्वतःच्या नावाचा फलक लावण्याची संधी दिली. निजामी राजवटीच्या आठवणी ज्या घरांत अद्याप ताज्या होत्या, त्या घरांना भगव्या ध्वजाचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच होते. १९९१ साली विलास गुंडेवार सेनेच्या वतीने हिंगोलीतून लोकसभेवर गेले. पुढे शिवाजी माने दोनदा गेले. हदगावमधून सुभाष वानखेडे १९९५, १९९९ आणि २००४ अशा तीन निवडणुका जिंकून २००९ साली खासदार झाले. एका सामान्य कार्यकर्त्याची ही चढण होती. पुढे हेच वानखेडे २०१४ साली राजीव सातव यांच्याकडून अवघ्या १,६३२ मतांनी पराभूत झाले आणि २०१९ साली चक्क काँग्रेसचे उमेदवार म्हणून हेमंत पाटील यांच्यासमोर उभे राहिले. ज्यांनी तीन निवडणुकांत त्यांच्यासाठी पायपीट केली, त्यांनी या वेळी कोणाच्या घरी जाऊन मते मागायची, हे त्यांना कोणी विचारले नाही.

२०२२च्या फुटीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. सुरत, गुवाहाटी, तेथील उपाहारगृह, तेथील डोंगरदऱ्यांचे वर्णन करणारा तो संवाद, सगळे पाठ झाले आहे. त्यात एक गोष्ट निसटते. हदगाव-हिमायतनगरमध्ये सेना जून २०२२मध्ये फुटलीच नाही. ती २०१९च्या ऑक्टोबरमध्येच फुटली होती. त्या विधानसभा निवडणुकीत सेनेचे विद्यमान आमदार नागेश पाटील आष्टीकर अधिकृत उमेदवार होते, तर कोहळीकर बंड करून अपक्ष उभे होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे माधवराव पाटील जवळगावकर विजयी झाले, अपक्ष कोहळीकर दुसऱ्या आणि अधिकृत आष्टीकर तिसऱ्या क्रमांकावर राहिले. या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून कितीतरी अधिक होती. घरच्या भांडणात शेजाऱ्याने शेत नांगरून घेतले, असे म्हणतात ते हेच.

हे भांडण निष्ठेचे नव्हते, तत्त्वाचे तर मुळीच नव्हते. एकाच मतदारसंघात दोन कर्तबगार माणसे होती आणि त्यांच्यापैकी उमेदवारी कोणाला, हे ठरवण्याची कोणतीही रीत पक्षात नव्हती. तालुक्यातील सदस्यांची सभा भरली असती, त्यांचे मत विचारले गेले असते, ते नोंदले गेले असते, तर हरलेल्याला निदान आपण कोठे कमी पडलो ते कळले असते. तसे झाले नाही. उमेदवारी मुंबईहून आली आणि जो डावलला गेला त्याने अपक्षाचा अर्ज भरला. जून २०२२मध्ये वर दोन सेना झाल्या, तेव्हा खाली दोन्ही घरे आधीच बांधून तयार होती. अधिकृत राहिलेले आष्टीकर ठाकरे यांच्याकडे राहिले, बंडखोर कोहळीकर शिंदे यांच्याकडे गेले. मुंबईतील नेत्यांना वाटले की आपण महाराष्ट्र दुभंगला. वस्तुतः त्यांनी जुन्याच भेगेवर नवे नाव लिहिले होते.

शेजारच्या कळमनुरीत जे घडले ते अधिक बोलके आहे. तेथील आमदार संतोष बांगर हे हिंगोलीचे जिल्हाप्रमुखही होते. बंडाच्या पहिल्या दिवसांत ते ठाकरे यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. बंडखोरांनी परत यावे म्हणून लोकांसमोर त्यांना रडू कोसळले, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ३ जुलै रोजी विधानसभाध्यक्षांच्या निवडणुकीत ते ठाकरे यांच्या बाजूने उभे राहिले. ४ जुलै रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी ते शिंदे यांच्या बाजूला बसले. मधल्या एका रात्रीत काय घडले, हे त्या दोन-चार माणसांनाच ठाऊक. ठाकरे यांनी त्यांना जिल्हाप्रमुखपदावरून दूर केले, त्यांनी ते मानले नाही. अश्रू खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही, मनुष्याचे मन इतके सरळ नसते. परंतु ज्या शेकडो तरुणांनी त्यांच्या अश्रूंवर विश्वास ठेवून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर घेतले होते, ते ५ जुलैच्या सकाळी कोणत्या तोंडाने चौकात गेले असतील?

आता प्रश्न येतो तो पक्षाच्या घटनेचा. वाचकांना हा विषय रुक्ष वाटेल, पण या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे.

निवडणूक आयोगापुढे जेव्हा एखाद्या पक्षाचे दोन दावेदार येतात, तेव्हा १९६८च्या चिन्हविषयक आदेशातील पंधराव्या परिच्छेदानुसार निर्णय होतो. काँग्रेसच्या १९६९च्या फुटीनंतर सादिक अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली जी कसोटी मान्य केली, तीत संघटनेतील बहुमत आणि विधिमंडळातील बहुमत या दोहोंचा विचार होता. सेनेच्या बाबतीत आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निर्णय दिला, त्यात संघटनेच्या बहुमताची कसोटी बाजूला ठेवावी लागली. का? पक्षाची २०१८ सालची सुधारित घटना आयोगाच्या दप्तरी नव्हती. शिवाय जे पदाधिकारी पक्षप्रमुखाला निवडणार, त्यांनाच पक्षप्रमुख नेमणार, अशी ती रचना होती. अशा संघटनेत बहुमत मोजायचे म्हणजे नेमणाऱ्याचीच सही पुन्हापुन्हा मोजणे. आयोगाने ही रचना लोकशाहीस धरून नाही असे म्हटले आणि उरलेल्या एकाच कसोटीवर निकाल दिला. शिंदे यांच्याबरोबरच्या ४० आमदारांना २०१९मध्ये मिळालेली मते सेनेच्या ५५ विजयी आमदारांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के भरत होती, लोकसभेच्या बाबतीत १८ पैकी १३ खासदारांचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना मिळाले. ठाकरे यांच्या हाती मशाल राहिली.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. ज्या मतांची बेरीज आयोगाने केली, ती हिमायतनगरच्या मतदाराने कोणा एका नेत्याला दिलेली नव्हती. ती दिली तेव्हा पक्ष एक होता, चिन्ह एक होते आणि भाजपशी युती होती. शिवाय हदगावची विधानसभेची मते या बेरजेत आलीच नाहीत, कारण तेथे सेना हरली होती. म्हणजे तीन वेळा सेनेचा आमदार आणि २०१४ साली पुन्हा चौथ्यांदा आमदार देणारा हा मतदारसंघ, आपल्या पक्षाचा वारस ठरत असताना आमदारांच्या गणतीतच नव्हता. संघटनेच्या कसोटीने त्याला विचारले असते. ती कसोटी त्याच्याच नेत्यांनी निकामी करून ठेवली होती.

पुढे ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश आणि नव्या प्रतोदाला दिलेली मान्यता या दोन्ही गोष्टी कायद्याला धरून नव्हत्या असे सांगितले. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, हेही स्पष्ट केले. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असाही निर्वाळा दिला. मग राजकीय पक्ष म्हणजे कोण, हा प्रश्न अध्यक्ष राहुल नार्वेकर यांच्यापुढे आला. त्यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय देताना आयोगाच्या दप्तरी असलेली १९९९ची घटनाच प्रमाण मानली आणि शिंदे यांची सेना हीच खरी शिवसेना ठरवली. अपात्र मात्र कोणालाच ठरवले नाही. निर्णय योग्य की अयोग्य, यावर विधिज्ञ बोलतील. आमच्या मनात वेगळा विचार येतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक कागद, जो शाखाशाखांतून कोणी वाचून दाखवला नव्हता, जो मधल्या काळात बदलला गेला हेही सामान्य सैनिकाला ठाऊक नव्हते, तो कागद अखेर पक्षाचे भवितव्य ठरवायला उपयोगी पडला. घटना कपाटात ठेवणाऱ्यांना ती कपाटातूनच भोवली.

ठाकरे यांच्याविषयी हे लिहिताना शिंदे यांच्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. बाळासाहेब १७ नोव्हेंबर २०१२ रोजी गेले. त्यानंतर ‘शिवसेनाप्रमुख’ हे पद त्यांच्यासाठीच राखून उद्धव यांनी ‘पक्षप्रमुख’ हे पद घेतले. शिंदे यांनी ‘मुख्य नेता’ हे पद घेतले. दोघांनाही जुने पद घेण्याचे धैर्य झाले नाही, याचे श्रेय त्यांच्या विनयाला द्यावे की गादीच्या धाकाला, हे वाचकांनी ठरवावे. परंतु हिमायतनगरच्या तालुकाप्रमुखाला पक्षप्रमुखाने नेमले काय आणि मुख्य नेत्याने नेमले काय, नेमणुकीचे पत्र सारखेच. मूळची तक्रार अशी होती की, आमदारांना भेट मिळत नाही, चार माणसांचे कोंडाळे निर्णय घेते. ती खरी असेलही. तिचा उपाय दाराबाहेरच्यांना आत घेणारी रीत घालून देणे हा होता. प्रत्यक्षात दुसऱ्या बंगल्यावर दुसरे कोंडाळे आले आणि ३ एप्रिल २०२४ रोजी हिंगोलीचा उमेदवार त्या कोंडाळ्याने बदलला.

आणि हे करताना मित्रपक्ष भाजपने जे केले तेही नोंदवले पाहिजे. आपला पक्ष मोठा, आपले आमदार अधिक, म्हणून धाकट्या भावाने कोणाला उभे करावे हेही आपण सांगणार, ही वृत्ती युतीधर्माला शोभणारी नाही. विद्यमान खासदाराविषयी नाराजी असेल तर ती सहा महिने आधी समोरासमोर सांगता आली असती. यादी प्रसिद्ध झाल्यावर दबाव आणून ती बदलायला लावल्याने धाकट्या पक्षाच्या नेत्याची त्याच्याच कार्यकर्त्यांसमोर किंमत गेली. निकालात त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागली. हिंगोलीत आष्टीकर एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. कोहळीकर पराभूत झाले, यवतमाळ-वाशीममध्ये राजश्री पाटीलही नव्वद हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. ज्यांना डावलले त्यांची सोय मात्र पुढे झाली. भावना गवळी जुलैमध्ये विधान परिषदेवर गेल्या. वसमतच्या हळद संशोधन केंद्राची धुरा सांभाळणारे हेमंत पाटील ऑक्टोबरमध्ये राज्यपालनियुक्त आमदार झाले. नेत्यांच्या जखमांवर हळद लावायला परिषद असते. सैनिकाच्या जखमेसाठी पक्षाच्या घटनेत कलम नाही.

काही जुने शिवसैनिक यावर म्हणतील, सेना ही सेना आहे, सैन्यात कधी मतदान होते काय? आदेश येतो, तो पाळायचा. या युक्तिवादात दम आहे हे आम्ही मान्य करतो. आदेशावर चालणाऱ्या संघटनेने या राज्यात जे धाडस दाखवले, ते बैठका आणि इतिवृत्ते यांत रमणाऱ्या पक्षांना जमले नाही. परंतु आदेश पाळण्यासाठी आदेश देणारा एकच असावा लागतो. बाळासाहेब असेपर्यंत तो एकच होता, म्हणून नियमाची उणीव भासली नाही. तरीही छगन भुजबळ १९९१ साली गेले, नारायण राणे २००५ साली गेले. जानेवारी २००३मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात उद्धव यांना कार्याध्यक्ष करण्याचा ठराव राज ठाकरे यांनीच मांडला होता. व्यासपीठावर एकमत होते, टाळ्या होत्या. तीन वर्षांनंतर, ९ मार्च २००६ रोजी, महाराष्ट्र नवनिर्माण सेना उभी राहिली. ठराव मांडणाऱ्याचे मन ठरावात नव्हते हे त्या सभागृहात बसलेल्या कितीजणांना ठाऊक होते? वर दोन आवाज झाले की आज्ञाधारक सैनिकच सर्वांत निराधार होतो, कारण कोणता आवाज खरा हे ओळखण्याची खूण त्याला कोणी दिलेलीच नसते.

हे दुखणे एका सेनेचे नव्हे. हिंदुत्वाचा उच्चार करणाऱ्या लहान पक्षांच्या इतिहासात ते वारंवार आढळते. हिंदुमहासभेचे उदाहरण मराठवाड्याला जवळचे आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर अध्यक्ष असताना १९३८-३९ साली निजामाच्या राज्यात जो निःशस्त्र प्रतिकार झाला, त्यात हिंदुमहासभा आणि आर्य समाज यांचे सत्याग्रही देशभरातून येऊन निजामाच्या तुरुंगांत गेले. १७ सप्टेंबर १९४८च्या मुक्तीआधी नऊ-दहा वर्षे हा लढा झाला होता. ज्या पक्षाने हे केले, त्याची पुढची अवस्था काय झाली? एकाच वेळी एकाहून अधिक माणसे स्वतःला राष्ट्रीय अध्यक्ष म्हणवून घेऊ लागली आणि खरा अध्यक्ष कोण यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. पक्ष विचाराने संपला नाही, मतांनीही एकदम संपला नाही. वारस ठरवण्याची रीत मोडली आणि तो हळूहळू नामफलकापुरता उरला.

त्याच पक्षातून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी १९४८च्या अखेरीस बाहेर पडले, ते कसे हे पाहण्यासारखे आहे. पक्षाने आपली दारे सर्व भारतीयांना उघडावीत, नाहीतर राजकारण सोडून सामाजिक कार्यापुरते राहावे, अशी त्यांची भूमिका होती. ती त्यांनी पक्षाच्या सभेत मांडली. ती मान्य झाली नाही, तेव्हा ते बाहेर पडले आणि २१ ऑक्टोबर १९५१ रोजी दिल्लीत जनसंघाची स्थापना झाली. मतभेदाचे कारण सर्वांना ठाऊक होते. त्यांच्यामागे जायचे की थांबायचे, हे कार्यकर्त्याला त्या कारणाच्या आधारे ठरवता आले. पुढे जनसंघातही वाद झाले नाहीत असे नाही. मौलिचंद्र शर्मा यांनी १९५४ साली अध्यक्षपद सोडले, ते संघाच्या लोकांचा पक्षावर वरचष्मा असल्याची तक्रार करूनच. बलराज मधोक या माजी अध्यक्षांना १९७३ साली पक्षातून काढण्यात आले. त्यांच्या तक्रारी आपल्याला रुचोत वा न रुचोत, त्या लेखी होत्या आणि जाहीर होत्या. तशा त्या होत्या म्हणूनच आज सत्तर वर्षांनंतरही त्यांच्यावर चर्चा करता येते. ३ जुलै आणि ४ जुलै २०२२ यांच्यामधल्या रात्रीवर चर्चा कशी करणार?

लोकसभेनंतर सहा महिने लोटले नाहीत तोच विधानसभेची निवडणूक आली. हदगावची जागा महाविकास आघाडीत काँग्रेसकडे गेली. म्हणजे एप्रिलमध्ये आष्टीकर यांच्यासाठी मशाल घेऊन फिरलेल्या सैनिकाला नोव्हेंबरमध्ये हाताच्या पंजासाठी मते मागायची होती, आणि तीही त्याच जवळगावकरांसाठी, ज्यांनी २०१९ साली आष्टीकरांना हरवले होते. पलीकडे सहा महिन्यांपूर्वी पराभूत झालेले कोहळीकर धनुष्यबाण घेऊन उभे होते. ते सुमारे तीस हजार मतांनी निवडून आले. मराठा आंदोलन, सोयाबीनचा भाव, लाडकी बहीण योजना अशी या उलथापालथीची अनेक कारणे सांगितली जातात आणि ती खरीही असतील. त्यांच्या जोडीला आम्ही आणखी एक कारण ठेवतो. पक्षात ज्याला मत नव्हते, त्याने आपले मत मतदान यंत्रात दिले. एप्रिलमध्ये एका सेनेला शिक्षा केली, नोव्हेंबरमध्ये दुसरीला. पक्षांतर्गत निवडणूक होत नाही तेथे सार्वत्रिक निवडणूकच पक्षाची अंतर्गत निवडणूक बनते, आणि तिचा खर्च साऱ्या मतदारसंघाला सोसावा लागतो.

आमची सूचना साधी आहे आणि ती दोन्ही सेनांना आहे. तालुक्यातील सदस्यांची यादी शाखेच्या भिंतीवर लावा. तालुकाप्रमुख त्या यादीतील माणसांनी तीन वर्षांसाठी निवडावा. उमेदवारी ठरवण्यापूर्वी तालुक्याच्या सभेचे मत लेखी घ्यावे, आणि ते डावलायचे असेल तर कारण कळवावे. घटना मराठीत छापून प्रत्येक शाखेत ठेवावी आणि ती बदलली तर बदल आयोगाच्या दप्तरी आणि शाखेच्या भिंतीवर एकाच आठवड्यात जावा. यातली एकही गोष्ट अवघड नाही. गावोगावच्या सहकारी सोसायट्या, दूध संस्था, भजनी मंडळेसुद्धा यापेक्षा अधिक शिस्तीने आपला अध्यक्ष निवडतात. या निवडणुकांत गट पडतील, पैसे वाटले जातील, भांडणे होतील, हेही आम्ही जाणतो. पण ती भांडणे दिवसाउजेडी होतील आणि कोण कोणाच्या बाजूला उभे आहे ते गावाला दिसेल.

आज लोकसभेत हिंगोलीचे प्रतिनिधित्व मशालीचे आष्टीकर करतात, विधानसभेत हदगाव-हिमायतनगरचे प्रतिनिधित्व धनुष्यबाणाचे कोहळीकर करतात. २०१९च्या त्या तिरंगी लढतीत हरलेले दोघेही आता सदनात आहेत. दोघांच्याही कार्यालयांत बाळासाहेबांची तसबीर असणार. महाशिवरात्रीला वाढोण्याच्या परमेश्वराची यात्रा भरते तेव्हा दोघांचेही कार्यकर्ते एकाच दर्शनरांगेत उभे राहतात. त्यांच्यापैकी कित्येक एकमेकांचे सोयरे आहेत, कित्येकांनी नव्वदच्या दशकात एकाच सायकलवरून भिंती रंगवायला जाण्यात रात्री घालवल्या आहेत. २०२२नंतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसायचे की नाही, हा प्रश्न त्यांच्या घरांत खरोखर उपस्थित झाला. तो मुंबईत कोणाच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी आला नाही.